मराठी बावीस

नोएडाला नोकरी लागली असं कळवलं तेव्हा कराडहून सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, व्हिसा लागतो का गं तिथं? त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही राहायचो दिल्लीत, सरकारी क्वार्टरमध्ये, नवरा केंद्र सरकारच्या खात्यात, आणि आमच्या कॉलनीत बायकोनं यमुना ओलांडून नोकरीला जाणं म्हणजे ती हाताबाहेर गेली असाच अर्थ होता. पण ते दिवसच तसे होते. गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि गल्लोगल्ली कंप्यूटर क्लास निघाले होते. करोल बागेतल्या अशाच एका क्लासात मी सहा महिने घासले आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी चार्टर्ड बसमध्ये जाऊन बसले. त्या बसमधल्या बायका थंडीत मटार सोलत ऑफिसला जायच्या. मीही सोलायला लागले, आणि नोएडात उतरले की माझी नखं हिरवी असायची.

कंपनी म्हणजे एका नव्या बंगल्याचा तळमजला. चार कंप्यूटर, मागे मोहरीचं शेत, आणि वीज गेली की भडभडणारा जनरेटर. आमचे सर पंजाबी होते, मनानं राजा माणूस, पण आपलं काही चुकू शकतं ही कल्पनाच त्यांना कधी शिवली नव्हती. प्रोग्रॅम ते लिहायचे, मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या भाजीत मीठ आहे की नाही ते सांगायचं आणि वर त्याचं तोंड बघायचं. शिवाय आमच्याकडे टेस्टिंग व्हायचं ते बहुतेक वेळा माल गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर.

त्या हिवाळ्यात काम आलं एका शाळेचं. माझी लेक तिथेच पाचवीत होती, नि मीच शब्द टाकला होता. सरकारी नोकरांची मुलं, सगळ्या प्रांतांतली. शाळेनं नियम काढला होता की पुढच्या वर्षापासून ज्या मातृभाषेची निदान पंधरा मुलं शाळेत असतील, त्याच भाषेचा तास राहील. बाकीचे तास बंद. मुलांचे प्रवेशाचे फॉर्म कंप्यूटरमध्ये भरायचे आणि भाषेप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटात किती मुलं ते छापून द्यायचं, एवढंच काम. आमच्या धंद्यात याला ग्रुप बाय म्हणतात. भाजी निवडल्यासारखं आहे ते: मेथी इकडे, पालक तिकडे, आणि मग जुड्या मोजायच्या.

त्या शाळेत सहावीपासून मराठीचा तास होता, आणि तो शिकवायला एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, करोल बागेत एकट्या राहणाऱ्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत महाकडक. गणपतीत भेट व्हायची तेव्हा माझ्या हळदीकुंकवाच्या चिठ्ठीतल्या चुकासुद्धा काढायच्या. त्यांची नेमणूक फक्त मराठीपुरती, तीही दरवर्षी नव्यानं व्हायची. तास बंद म्हणजे बाई बंद, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. सबंध डिसेंबर त्या शाळेच्या फाटकाशी भेटल्या की हसायच्या, पण आकड्याबद्दल एक शब्द विचारायच्या नाहीत. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शुक्रवारी सरांनी यादी छापून शाळेला पाठवून दिली. मराठी बावीस! शनिवारी सकाळी बाई बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन थेट आमच्या दारात. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या की अगं, मी वर्गात मोजते तर डझनभरच दिसतात, बाकीची कुठं दडून बसली होती कोण जाणे. असतील लहान वर्गांत, असंही स्वतःच म्हणाल्या. मी दोन लाडू खाल्ले. लाडू फर्स्टक्लास होते.

सोमवारी मी टेस्टिंगला बसले. माझी रीत बायकी होती, क्लासात कुणी शिकवलेली नव्हे. सगळ्या गटांची बेरीज करायची आणि ती शाळेतल्या एकूण मुलांशी जुळते का ते बघायचं. जुळेना. बेरीज शंभरावर जास्त. म्हणजे शाळेत नसलेली मुलं आमच्या यादीत बागडत होती. सरांना दाखवलं तर त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "मॅडम, कंप्यूटर गलत नहीं गिनता." मी म्हटलं बिल्कुल सर, आणि फॉर्मचा गठ्ठा ओढून हातानं मोजायला लागले, दुधाच्या हिशेबासारख्या चार उभ्या रेघा आणि एक आडवी. मराठी लिहिलेले फॉर्म निघाले अकरा.

अकरा! बावीसच्या बरोबर निम्मे. मग डोक्यात प्रकाश पडला. माहिती दोन तक्त्यांत ठेवलेली होती, एकात मुलं आणि दुसऱ्यात पत्ते. मोजताना सरांनी दोन्ही तक्ते जोडले होते, त्यामुळे ज्या मुलाचे पत्ते दोन ते मूल दोनदा मोजलं जात होतं. दिल्लीच्या पंजाब्यांनी कायमच्या पत्त्याच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून हात झटकले होते. त्यांचं घर एकच. आणि आमची माणसं? चाळीस चाळीस वर्षं दिल्लीत काढलेली, मुलं इथं जन्मलेली, पण कायमचा पत्ता विचारला की मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, मारुतीच्या देवळामागे. अकराच्या अकरा जणांनी! बंगाली आणि तमिळांचे आकडेही फुगले होते, पण ते तसेही पंधराच्या बरेच वर होते. मरण आलं ते फक्त आमच्या बाईंना.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचाच. सर खूश होते, शाळा खूश होती, बाईंचे लाडू अजून डब्यात होते. कुणाचं काय बिघडणार होतं? घरी नवऱ्याला विचारलं तर त्याचं सरकारी उत्तर ठरलेलं, फाइलवर जे आहे ते आहे. दोन दिवस मी नुसती चिडचिड केली. मटार सोलताना दाणे बसभर उडाले. शेवटी मला कळलं की मला राग येतोय तो सरांचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक काम मला खरंच चांगलं जमत होतं, आणि पहिली मोठी चूक सापडली ती लपवायची वेळ आली होती.

तिसऱ्या दिवशी मी आधी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या पोळ्या करत होत्या. तव्यावरची पोळी उलटली, शेकली, काढली, आणि मग म्हणाल्या, "अकरा असतील तर अकराच लिही. मी मुलांच्या वेलांट्या सोडत नाही, तू एवढी मोठी चूक कशी सोडशील?" आवाज अगदी साधा. मला मात्र तिथंच रडू आलं, आणि त्यांनी मला उगी उगी केलं, जणू नोकरी माझीच जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सरांना पटलं. म्हणजे ते म्हणाले, अच्छा, ये तो मैं देखने ही वाला था. प्रत्येक मूल एकदाच मोजायचं अशी दुरुस्ती केली, बेरीज शेवटच्या मुलापर्यंत जुळली, आणि मी नवी यादी आणि फॉर्मचा गठ्ठा घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. तिथं नवा कंप्यूटर आमच्याच कंपनीनं बसवला होता. बाई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. यादीच्या तळाशी एकेका मुलाचे गट होते, ते वाचताना त्या एकदम पुढं वाकल्या. एक 'महाराष्ट्रीयन'. एक 'मऱ्हाटा', अर्थात इथल्याच कुण्या कारकुनाच्या हातचा. आणि एक मराठीच, फक्त इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी आय ऐवजी दोन ई, हातानं मोजताना माझ्याही नजरेतून निसटलेलं. कंप्यूटरला काय कळतंय, अक्षर बदललं की त्याच्यासाठी भाषा बदलली. तिन्ही मुलं बाईंच्या ओळखीची निघाली. मी ती मूळ गटात घातली. अकराचे चौदा झाले.

चौदा. बाई हसल्या आणि म्हणाल्या, बघ, दीर्घ ईकारानं तीन मुलं बुडवली असती. एकाच मुलाचा ईकार चुकला होता, बाकी दोघांचा दोष नव्हता, पण त्या क्षणी मी त्यांची चूक काढली नाही.

मला हार मानवेना. एक शेवटची गोष्ट करून बघावी म्हणून मी कंप्यूटरला विचारलं की मातृभाषा हिंदी लिहिलीय, पण कायमचा पत्ता महाराष्ट्रातला आहे, असं कुणी आहे का. एवीतेवी दोन पत्ते लिहायची आपल्याला खोड, तर तिचा एकदा उपयोगही व्हावा. उत्तर आलं एका ओळीचं. पाचवी ब, मुलगी, तालुका कराड, जिल्हा सातारा.

माझी लेक. मी इतके दिवस तिला त्या अकरांतच धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी शेजारणीनं सांगितलं होतं की हिंदी लिहा, मुलाखत सोपी जाते, आणि मी लिहून मोकळी झाले होते. मग विसरलेही. बाईंनी गठ्ठ्यातून फॉर्म काढून समोर ठेवला. अक्षर माझंच होतं, छान गोल गोल. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

दुरुस्तीचा अर्ज करता येत होता. पण खरी गोम वेगळीच होती. आकडा खरा करायला निघालेली मी, तो पंधरावा आकडा तरी खरा होता का? संध्याकाळी लेक गृहपाठ करत होती. मी विचारलं, तुझी भाषा कुठली गं? तिनं मान वर न करता सांगितलं, "आपकी मराठी है, मेरी हिंदी है." मग तिला सगळं समजावलं, बाईंचंही सांगितलं. ती म्हणाली, लिख लूँगी, पढ़ लूँगी, पर बोलूँगी नहीं, सब हँसेंगे. छोले-भटुऱ्यांच्या दोन प्लेटींवर सौदा ठरला, आणि आजपासून घरात मीही हिंदीत उत्तर देणार नाही अशी माझ्यावर एक अट आली. ती अट मीच मला घातली होती.

सकाळी मी इतर पालकांसारखी रांगेत उभी राहिले आणि अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आईची चूक. कारकुनानं ते मुलीची जन्मतारीख चुकल्यासारखं निर्विकारपणे नोंदवून घेतलं. मराठी पंधरा झाले, तास राहिला, बाई राहिल्या.

जुलैत शाळा सुरू झाली. ज्या मुलीमुळे तास वाचला तिला बाई थोडं झुकतं माप देतील, असं माझ्या मनात होतं, नाही कसं म्हणू. पहिली चाचणी झाली आणि लेकीनं पेपर सहीसाठी माझ्यापुढं ठेवला. वीसपैकी चार. पानभर लाल शाई. तळाशी शाळेचा ठरलेला शेरा छापलेला होता, 'पालकांनी लक्ष द्यावे'. बाईंनी त्यातला 'पालकांनी' खोडून वर सुबक अक्षरात 'आईने' लिहिलं होतं.