रिकाम्या गावातला प्रिंटर

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून प्रेते काढली. त्यातले बरेचसे विसरलो. पण प्लॅस्टिकचे एक हलके झाकण उघडून पडल्याचा आवाज मात्र अजून कानात राहिला आहे. त्या प्रकरणात ना आरोपी होता ना गुन्हा. कागदोपत्री ती फक्त एक मिसिंगची नोंद होती.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मी मालवण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हंगाम पर्यटकांचा, त्यामुळे निम्मे मनुष्यबळ तारकर्लीच्या बंदोबस्ताला. त्यातच हद्दीतल्या एका गावाची गावपळण लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या या भागात काही गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, कोणी म्हणून मागे राहत नाही. घरे बंद करून लोक बाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या बांधतात, चुली मांडतात, संध्याकाळी भजने करतात. परत जायचे तेही कौल मिळाल्यावर. तोवर वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाही. पोलिसांचे काम एवढेच की रिकाम्या गावात चोर शिरू नये म्हणून हमरस्त्यावरून गस्त घालायची. मला हे काम कधीच आवडले नाही, कारण जिथे काहीच घडत नाही तिथे लक्ष ठेवण्याइतके जिवावर येणारे काम दुसरे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराचा फोन आला. राहुट्यांवरून एक वृद्ध गृहस्थ नाहीसे झाले होते. निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, पत्नी वारलेली, एकुलता एक मुलगा पुण्यात. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, घरचे अण्णा. सकाळी चहा घेतला, काठी उचलली आणि परसाकडे जातो म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत.

खबर पुतण्याने दिली होती. गुरुजी त्याच्याच राहुटीत होते. म्हातारे माणूस नाहीसे झाले की पोलीस आधी घरच्यांकडेच बघतो. यात कोणाचा अपमान नसतो, अनुभव असतो. त्यात हवालदाराने माझ्या कानाशी लागून सांगितले की राहत्या घराच्या वाटपावरून काका-पुतण्यांत धुसफूस आहे. मी पुतण्याला जीपजवळ बाजूला घेतले.

"मुलाला कळवलंत?"

"नाय साहेब. तेका कित्याक घाबरवचो? संध्याकाळपर्यंत मेळतले."

"नंबर द्या."

"फोन राहुटीत आसा. बॅटरी संपली. हयसर लाईट खंय आसा?"

गुरुजींचा मोबाईलही बंद लागत होता. पुतण्या माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता, सारखा पायाने माती उकरत होता. मला ते मुळीच आवडले नाही. मी त्याला सरळ विचारले, काल भांडण झाले होते का. तो म्हणाला, "झाला होता. पण घरावरून नाय. अण्णा कागद फुकट घालवतत म्हणून बोललंय मी. आख्खो कागद निळो करतत, साहेब, नायतर लाल. त्यावर एक अक्षर नाय. रोज. माका वाटता, तेंचा डोक्या चलना नाय आता."

हे ऐकून माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. म्हाताऱ्याला वेडा ठरवायची ही पहिली पायरी मी पुष्कळ घरांत पाहिली होती.

शोध सुरू केला. माळ पालथा घातला, विहिरींत गळ टाकले, खाडीकाठच्या खारफुटीत माणसे उतरवली. पुढच्या वाडीवर चौकशी केली, एसटीच्या वाहकांना वर्णन कळवले. ऊन चढत गेले. मी अर्धवट प्यालेला चहा बॉनेटवर ठेवून वेशीच्या ओढ्यापर्यंत जात होतो आणि परत फिरत होतो. त्या व्हाळावर माडाच्या ओंडक्यांचा साकव, छोटा पूल, होता, आणि पलीकडे गाव. बंद दारे, झाडलेली अंगणे, आणि कुठे कोंबडासुद्धा ओरडत नाही. मी लोकांना म्हणालो, आत बघून येऊ. सगळ्यांचे चेहरे उतरले.

पुतण्याच बोलला, "अण्णा गावात जावचे नाय, साहेब. एकवेळ जीव देतीत, पण देवाची मर्यादा मोडूचे नाय."

गुरुजींचे शेजारी हे गावचे एक मानकरी होते. सत्तरी ओलांडलेले, ताठ, कमी बोलणारे. वेशीची राखण त्यांच्या घराण्याकडे. मी त्यांना विचारले, तुम्ही साकवाजवळ बसता, सकाळी कोणी आत गेले का. ते म्हणाले, "माका विचारू नकात."

'नाही' म्हणणारा माणूस आणि 'विचारू नका' म्हणणारा माणूस यांत फार फरक असतो. पण मी पुढे काही बोलणार तोच माझा फोन वाजला.

ठाणे अंमलदाराने एक कॉल माझ्याकडे वळवला होता. पुण्याहून बोलणारा तरुण घाईत आणि वैतागलेला होता. "साहेब, आमच्या गावातल्या घरात चोर शिरला आहे. सध्या गावपळण आहे, घरात कोणी नाही. पण तिथला प्रिंटर कोणी तरी सारखा उघडतो आहे."

"तुम्हाला पुण्यात बसून कसे कळले?"

"वायफायचा प्रिंटर आहे. मीच वडिलांना घेऊन दिला. झाकण उघडले, शाई संपत आली, की माझ्या फोनवर मेसेज येतो. सकाळपासून येत आहेत. झाकण उघडे आहे, बंद करा. परत उघडे आहे. आधी वाटले मशीन बिघडले. मी मीटिंगमध्ये होतो, आवाज बंद करून ठेवला. आता जेवायच्या सुट्टीत लक्षात आले की घरातला मेन स्विच तर आम्ही बंद करून गेलेलो असतो. मग प्रिंटर चालू कसा?"

मी मनात म्हटले, घरात शिरून प्रिंटर उघडत बसणारा चोर मला माझ्या उभ्या नोकरीत भेटलेला नाही. विचारले, "घर कोणाचे?"

त्याने वडिलांचे नाव सांगितले.

मी नोकरीत वाईट बातम्या अनेकांना दिल्या आहेत. त्याची एक पद्धत असते, आधी माणसाला बसायला सांगायचे. त्या दिवशी मला ते सुचले नाही. मी म्हणालो, तुमचे वडील सकाळपासून बेपत्ता आहेत. इतका वेळ पुण्याचे मराठी बोलणारा तो माणूस मग हळू आवाजात म्हणाला, "अण्णा खंय आसत, साहेब?"

मी फोन चालूच ठेवून मानकऱ्यांकडे वळलो आणि ऐकलेले सगळे त्यांना सांगितले. ते साकवाच्या कडेला बसले.

"बघलंय मी तेंका," ते म्हणाले. "साकवावरून गेले. माका हात जोडले आणि म्हणाले, आत्ता येतंय. माका वाटला, येतले. मगे येवक नाय. मी बोललंय आसतंय तर सगळ्या गावाची पळण मोडली आसती. पोराबाळांका घेऊन परत मांडूक लागली आसती. म्हणान गप रवलंय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते.

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. मी म्हणालो, मी आणि माझा हवालदार या गावचे नाही, आम्ही आत जातो. घराची वाट सांगा. पण ते उठले. त्या वाडीत वाटा माडांतून, दगडी गडग्यांमधून अशा वळत जातात की बाहेरच्याला घर सापडायला संध्याकाळ झाली असती, हे त्यांना माहीत होते. त्यांनी वहाणा काढल्या, गावाकडे तोंड करून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी मर्यादा मी मोडतंय. जो काय दोष लागात तो माझ्या एकट्याच्या डोक्यार घाल. गावार घालू नको." गर्दीतून सवयीने 'होय म्हाराजा' उमटले. मग ते साकवावर चढले आणि आमच्या पुढे चालू लागले.

रिकाम्या गावात आमच्या बुटांचाच आवाज मोठा वाटत होता. गडगा ओलांडून गुरुजींच्या अंगणात आलो तेव्हा दार नुसते लोटलेले दिसले. आतून आवाज येत होता. खट्ट. थोडा वेळ काही नाही. मग परत खट्ट.

गुरुजी टेबल आणि खाट यांच्या मध्ये जमिनीवर पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते, ते पाय हलवू शकत नव्हते. हातातल्या काठीच्या टोकाने ते वरच्या टेबलावरच्या प्रिंटरचे झाकण उचलत होते आणि सोडून देत होते. बोटे निळी आणि गुलाबी झाली होती. शेजारी शाईच्या डबीचे फोडलेले पाकीट. मोबाईल समोरच्या फळीवर चार्जिंगला लावलेला, पण बंद, आणि त्यांच्या हातापासून दूर. ओठ सुकले होते. हवालदाराने पाणी पाजले. एक घोट पोटात गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "फोन इलो काय तेचो?"

माझा फोन अजून चालूच होता. मी तो त्यांच्या कानाला लावला आणि बाहेर अंगणात आलो. आत थांबणे मला जमले नाही.

झोळी करून आम्ही त्यांना बाहेर आणले. रुग्णवाहिका साकवाजवळ उभी होती. पुतण्या त्यांच्यासोबत बसला आणि हॉस्पिटलमध्ये तोच उशाशी होता. त्याच्याबद्दलचा माझा अंदाज साफ चुकला होता.

शस्त्रक्रिया झाल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. गुरुजींनी शिक्षकासारखे नीट क्रमाने सांगितले. मुलगा चांगला आहे, पण कामात असतो. प्रिंटर दिला तेव्हा म्हणाला होता, अण्णा, शाई संपत आली की मला कळेल, मी नवी पाठवीन. आणि खरेच, शाई उतरली की त्याचा फोन येई. नवी डबी आली की व्हिडिओवर यायचा. आता झाकण उघडा, डबी मधोमध येऊ द्या, जुनी दाबून काढा, नवीची पट्टी सोला, तांब्याच्या भागाला बोट लावू नका. अर्धा तास बाप-लेक बोलत.

"मगे माझ्या लक्षात इला," गुरुजी म्हणाले, "शाई लवकर संपली की फोन लवकर येता."

म्हणून ते निळे कागद. म्हणून ते लाल कागद.

गावपळणीच्या दिवशीच कुरिअरने नवी डबी आली होती. घर बंद करायच्या गडबडीत ती बदलायची राहिली. डबी आली की दुसऱ्या सकाळी कामावर जाण्याआधी मुलगा वेळ काढत असे. ती सकाळ चुकली तर पुढची कधी, म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा मर्यादा मोडली. मेन स्विच लावला, मोबाईल चार्जिंगला लावला, आणि तो चालू होईपर्यंत नव्या डबीची पट्टी सोलून, जुनी काढावी म्हणून टेबलाकडे वळताना पाय सटकला. पडल्यावर हाका मारल्या, पण हाका ऐकायला गावात कोणीच नव्हते. तेव्हा त्यांना ते झाकण आठवले. मुलाच्या खिशात वाजणारी ती एकच घंटा त्यांना माहीत होती.

मुलगा त्याच रात्री निघून आला होता. वऱ्हांड्यात त्याने मला फोन दाखवला. एकाखाली एक, तोच मेसेज. झाकण उघडे आहे. झाकण उघडे आहे. तो म्हणाला, "मी आवाज बंद केला होता, साहेब." मला त्याला धीर देता आला असता, पण मी फोन त्याच्या हातात परत दिला. काही गोष्टी माणसाला जाणवू द्याव्यात असे माझे मत आहे.

गावाला चौथ्या दिवशी कौल मिळाला. मानकऱ्यांना कोणी काही विचारले नाही. मी मिसिंगच्या नोंदीपुढे 'मिळून आले' असे लिहून प्रकरण बंद केले. एवढे मात्र शिकलो की नाहीशा झालेल्या माणसाबद्दल आम्ही विचारतो, त्याचे वैर कोणाशी होते, त्याला शेवटचे कोणी पाहिले. त्यानंतरच्या उरलेल्या नोकरीत मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. तो कोणाची वाट बघत होता? त्या प्रश्नाचे उत्तर देताना घरातली माणसे हमखास अडखळतात.

निवृत्तीनंतर एकदा मालवणच्या बाजारात गुरुजी भेटले. काठी तीच, चाल जरा वाकडी. मुलाने तो प्रिंटर पुण्याला नेला होता, वडील पुन्हा त्याच्यापायी पडू नयेत म्हणून. मी विचारले, आता फोन येतो का.

"रोज येता," ते म्हणाले. "कसे आसात, जेवलात काय, गोळी घेतलात काय. मी होय म्हणतंय. मगे दोगव गप. काय बोलूचा ता तेका कळणा नाय नि माकाव कळणा नाय. शाईच्या वक्ताक कसा, बोलूक कायतरी होता." मग त्यांनी विचारले, "साहेब, तुमच्या वळखीत प्रिंटर विकणारो कोण आसा काय?"

बघतो म्हणालो आणि घरी आलो. दुपारभर घरात येरझारा घातल्या. शेवटी जुन्या डायरीतून नंबर काढून पुण्याला फोन लावला आणि मुलाला सांगितले, प्रिंटर परत आणून बसवा, बुटक्या टेबलावर. त्याने घाबरून विचारले, "का साहेब? काय झाले?"

मी म्हणालो, "काही नाही. त्या दिवशीची शाई बदलायची राहिली आहे."