आत्यानं शुभ खरवडलं

आमच्या शेडमधल्या वेल्डिंग मशीनच्या छातीवर दोन शब्द होते. केबल लावायच्या डाव्या खोबणीच्या वर 'शुभ', उजव्या खोबणीच्या वर 'लाभ'. दर खंडेनवमीला मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तेलात शेंदूर कालवून अनामिकेनं ती अक्षरं पुन्हा गिरवत, आणि वर्षानुवर्षांच्या त्या थरांमुळे ती इतकी जाड झाली होती की डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी वाचता यावीत. वैशाखात शेडचे पत्रे तापले की शेंदूर मऊ व्हायचा, त्यातून तेल पाझरायचं. कापसाच्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेली रुई येऊन त्याला चिकटायची... जळक्या लोखंडाचा, तेलाचा आणि वाळलेल्या झेंडूचा असा एक मिश्र वास त्या मशीनला होता, आणि माझ्या लेखी तोच आमच्या घराचा वास होता.

अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर ही शेड होती. मशीन तेव्हाच जुनी होती— बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या लिलावातून आणलेली, हिरव्या रंगाची, चार लोखंडी चाकांवर बसलेली. शेडमध्ये प्लस-मायनस असे शब्द कुणाच्या तोंडी नव्हते. 'होल्डर शुभाले लाव, अर्थिंग लाभाले,' एवढंच सगळ्यांना पाठ होतं. ग्रिल झाल्या, गेटं झाली, कूलरचे स्टँड झाले, कधी कुणाचं अडलं नाही, म्हणून शेंदराखाली काय आहे हे कुणी पाहिलं नाही.

शशी आत्या ही बाबांची धाकटी बहीण. अकोल्याच्या आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आली होती, वर्गात एकटी मुलगी. घरात शिरायची ती आवाजानं आधी. बाबांचा जुना फुलशर्ट सलवारीवर चढवून, ओढणी कमरेला करकचून बांधून ती शेडमध्ये उभी राहिली की येणारी गिऱ्हाइकं आधी थबकत आणि मग 'मालक कोठी हायेत?' असं विचारत. आत्या म्हणायची, "मी दिसून नाई राहिली काय?" मला तिनं हेल्मेटची एक जुनी काळी काच देऊन ठेवली होती. ती डोळ्याला लावून मी ऊन उतरेपर्यंत अंगणात हिंडायची... सूर्य त्यातून हिरव्या टिकलीएवढा दिसायचा आणि बाकी सगळं जग नाहीसं व्हायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास चांदूर रेल्वेच्या एका डेअरीवाल्यानं स्टेनलेस स्टीलची टाकी करायला टाकली. पातळ पत्रा! आमच्या नेहमीच्या रॉडनं त्याला टाका मारला की भोकच पडायचं. मोठे बाबा काम परत करायला निघाले होते, तेव्हा आत्या म्हणाली, "देऊ नका परत. मी करतो." तिनं अकोल्याहून, शेड मोडायला निघालेल्या एका कारागिराकडून, पातळ पत्र्याच्या वेल्डिंगचा टॉर्च आणला होता. कापडी पिशवीतून तिनं तो काढला तो क्षण मला लख्ख आठवतो— मुठीत मावेल अशी काळी दांडी, तिच्यावर गॅस सोडायची बारकी चकती, टोकाला खडूसारखी पांढरी टोपी आणि त्या टोपीतून डोकावणारी टंगस्टनची काडी. शेडमधल्या त्या अजस्र, तेलकट वस्तूंमध्ये तो एखाद्या दागिन्यासारखा दिसत होता.

"हे नखरे आपल्या मशीनवर चालतीन?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"काहून नाई चालनार? जुनी असली तरी डीसी हाये ते. गॅस सोडला तं याले दुसरं काई लागत नाई. ज्योत पेटवायचं बटन नसलं तं नसलं, काडी घासून पेटवू."

मोठे बाबा हसले आणि मग सगळ्यांसमोर, माझ्या देखत, त्यांनी शब्द दिला. "टाकी जमली तं स्टीलचं सारं काम आजपासून तुयं. नाई जमली, तं नांदगावच्या स्थळाले मुकाट्यानं हो म्हणायचं." नांदगाव खंडेश्वरचा एक किराणा दुकानदार होता, बायको वारलेला. त्याच्याकडून दोनदा निरोप येऊन गेले होते. आत्यानं क्षणभरही विचार केला नाही. "कबूल," म्हणाली. तिला आपल्या हाताची खात्री होती; भावाच्या शब्दाचीही होती, हे तिचं दुर्दैव.

मग जुळणी सुरू झाली. आर्गॉन गॅसचं सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलं. त्याच्या तोंडावर काचेची नळी असलेलं मीटर बसलं. गॅस सोडला की नळीतली इवलीशी गोळी टुणकन वर उडून तिथंच थरथरत राहायची आणि ती पाहायला मी आत्याला पुन्हा पुन्हा चकती उघडायला लावायची. गॅसला वास नव्हता, रंग नव्हता... नुसता श्वास होता. ग्राइंडरवर आत्यानं काडीला उभं टोक काढलं, पेन्सिलीला काढतात तसं. आणि मग टॉर्चची केबल हातात घेऊन ती मशीनपुढे थांबली.

"भाऊ, यातलं मायनस कोनतं? टॉर्च मायनसले लागते. प्लसले लावला तं काडीच वितळते."

"आपल्या इथं मायनस-फायनस नाई," मोठे बाबा म्हणाले. "शुभ हाये अन् लाभ हाये. कामाचा हात शुभातच रायते. आन इकडं."

त्यांनी तिच्या हातून केबल घेतली आणि रॉड धरायचा होल्डर काढून टॉर्च शुभात बसवला. नव्या कामाचा मुहूर्ताचा टाका घरातल्या थोरल्या पुरुषानंच मारायचा, अशी आमच्याकडे रीत. म्हणून टॉर्चही त्यांनीच उचलला. आत्या काहीतरी सांगत होती, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी काडी पत्र्यावर घासली. फट्ट असा आवाज झाला. काडीचं टोक फुगून ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा झाला, तो पत्र्यावर ओघळला आणि त्या चकचकीत, आरशासारख्या पत्र्याला काळंकुट्ट भोक पडलं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत शिकायच्या आधी तिथं पाहिली. टॉर्च आपटून मोठे बाबा ओरडले, "तुया नादी लागलो अन् माल गेला! बाईच्या हातची वस्तू मशीनले लावायचीच नव्हती!" आणि तरातरा चहाच्या टपरीकडे निघून गेले. टॉर्च कुणी लावला, कुठे लावला, टाका कुणी मारला, यातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं. जाळणारा हात त्यांचा, आणि दोष जिनं आधीच बजावलं तिचा! इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारचा विचार मनात आला की माझ्या कानशिलांतून आजही वाफा निघतात.

आत्या रडली नाही. तिनं पेचकस घेतला, चिंधी राकेलमध्ये भिजवली आणि मशीनपुढे मांडी घालून शुभ खरवडायला लागली.

"शशे, नको," बाबा म्हणाले. माझे बाबा स्वभावानं गरीब. थोरल्या भावापुढे त्यांचा शब्द ओठांपर्यंतच यायचा. "भाऊ येईन."

"येऊ दे."

केशरी पापुद्रे तिच्या मांडीवर पडत होते. कालचा ताजा शेंदूर गेला, मग गेल्या वर्षीचा तपकिरी, मग त्याच्याही आधीचा काळपट... खाली हिरवा रंग लागला आणि हिरव्या रंगात, लोखंडातच उठवलेली, अधिकची खूण. शुभाखाली प्लस होतं. तिनं बोटानं ती खूण पुसली, माझ्याकडे पाहून भुवई उडवली, आणि टॉर्च उपसून लाभात लावला, अर्थिंग शुभात. काडीला नवं टोक काढलं. गॅसची चकती उघडली. काडी पत्र्यावर हलकेच घासली.

त्यानंतर शेडमध्ये जे झालं ते मी काळ्या काचेतून पाहिलं. ठिणगी नाही, धूर नाही, तडतड नाही. आमच्या शेडला अशी शांतता ठाऊकच नव्हती. एक छोटी, स्थिर, हिरवट ज्योत आणि तिच्यापुढे सरकणारं चिमूटभर वितळलेलं पोलाद. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, आणि आत्याचा श्वास त्या सरकण्याच्या तालावर चाललेला. आधी तिनं मोठ्या बाबांचं भोक भरून काढलं. भोक बुजलं, डाग तेवढा राहिला. मग ती शिवणीला लागली आणि सांजेपर्यंत पुढे पुढे जात राहिली. काच बाजूला केली तेव्हा शिवण दिसली... घट्ट घातलेल्या वेणीच्या पेडांसारखी एकसारखी, आणि तिच्यावर सोनेरी-निळी झाक.

मोठे बाबा परतले ते जळलेला पत्रा दाखवायला डेअरीवाल्याला घेऊनच. टाकीत पाणी भरलं. डेअरीवाल्यानं खालून सगळीकडे हात फिरवून पाहिला, हात कोरडाच राहिला. "वा भाऊ! असा हात नाई पायला म्या."

आणि मोठे बाबा, टाकीला टेकून उभे असलेले मोठे बाबा, म्हणाले, "खानदानी हात हाये आपला."

आत्या हेल्मेट काखेत धरून तिथंच उभी होती. शर्टावर शेंदूर, कपाळावर घाम. ती वाट पाहत होती की आता भाऊ आपलं नाव घेईल. बाबाही उभे होते. बाबांनीही नाव घेतलं नाही.

टाकी गेली आणि मग मोठ्या बाबांची नजर मशीनकडे गेली. "शुभ खरवडलं?" त्यांचा आवाजच बदलला. "टाकी जमली, मान्य. पन माया मशीनचं शुभ गेलं. ज्या हातानं हे केलं त्या हाताले मी मशीन देनार नाई." आत्या ताडकन म्हणाली, "शब्द देल्ला होता भाऊ." "शुभ खरवडायचा नव्हता देल्ला," ते म्हणाले, आणि विषय संपला. शब्द फिरवायला माणसाला देवच लागतो असं नाही, शेंदूरही पुरतो. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ आत्याचं. नांदगाव खंडेश्वरच्या दुकानात ती साखर जोखायला बसली. मशीनच्या डाव्या खोबणीवर नवा शेंदूर चढला, टॉर्च फळीवर गेला. पुढे कधी मशीन नादुरुस्त झाली, कधी गिऱ्हाईक तुटलं, की घरात एकच वाक्य ऐकू यायचं— शशीनं शुभ खरवडलं ना!

पण याहून मोठा अन्याय पुढचा आहे. दर खंडेनवमीला पूजा झाली, पंगत बसली, की मोठे बाबा त्या टाकीची गोष्ट सांगत. आणि दर वर्षी ती गोष्ट इंचाइंचानं सरकत गेली. आधी त्यात आत्याचा टॉर्च होता. मग टॉर्च आत्याच्या हातात आला. मग भोक आत्यानं पाडलं. आणि शेवटी, मी पाचवी-सहावीत असताना, भोक बुजवून सगळी टाकी शिवणारे मोठे बाबा झाले! "पोरीनं जाळून ठेवली होती, मी होतो म्हनून वाचली." पंगत हसली. आत्या पाहुणी म्हणून आलेली, वाढत होती. तिच्या हातातली पुरणाची ताटली तेवढी थांबली. मी घास खाली ठेवून म्हटलं, "खोटं हाये. मोठ्या बाबांनी जाळली. मी पायलं." तर आईनं पाटाआडून असा चिमटा काढला की दंडावर चार दिवस निळा डाग होता. खोटं बोलणारा तूप वाढून घेत होता, आणि खरं बोलणारीला चिमटा!

मोठे बाबा गेले, बाबा गेले, पण गोष्ट राहिली. यंदाच्या खंडेनवमीला माझा चुलतभाऊ प्रदीप त्याच्या मुलांना तीच सांगत होता, वडिलांच्याच आवाजात, वडिलांच्याच जागी बसून. शेडमध्ये आता एका हाती उचलता येतील अशा नव्या मशिनी आहेत. जुनी हिरवी कोपऱ्यात बंद उभी आहे, फक्त पूजेपुरती. शुभ पुन्हा बोटभर जाड झालं आहे. मी मुलांना खरी हकिकत सांगायला लागले, तर प्रदीप हसून म्हणाला, "अवो ताई, इतक्या जुन्या गोष्टीले काय धरून बसली? कोनीही केली असन." कोणीही! मी उठले. दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदगावला जाऊन आत्याला गाडीत घातलं. "कोठी नेऊन राहिली मले?" तिनं विचारलं. मी गाडी चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लावली.

डेअरीवाल्याच्या घरामागे डेअरी आता नाही. गोठा आहे, चार म्हशी आहेत, आणि लिंबाच्या झाडाखाली विटांच्या ओट्यावर ती टाकी आहे, म्हशींच्या पाण्याची. वरचं झाकण गेलेलं, एका अंगाला पोचा. आत्या तिच्यापाशी गेली. चष्मा वर सरकवून तिनं आधी दुरून पाहिलं, मग शिवणीवर बोट ठेवलं आणि सावकाश, टाकीभोवती चालत, बोट फिरवत नेलं. साखर जोखून, पुड्या बांधून वाकडी झालेली ती बोटं... एका ठिकाणी ती थांबली. तिथं नखाएवढा काळा डाग होता. आत्यानं तो अंगठ्यानं पुसून पाहिला.

त्या घरची सून बादली घेऊन बाहेर आली. आम्ही कोण, कशाला आलो, तिला काही उमगेना. "टाकी पाहून राहिल्या काय? लई जुनी हाये जी, मामंजींच्या वख्ताची. पोचा पडला पन थेंब नाई गळत. कोनं केली होती कोनास ठाऊक."

"आमच्या भाऊच्या दुकानातली हाये," आत्या म्हणाली.

इतक्या वर्षांनी, घरचं कुणीही ऐकायला नसताना, तिच्या तोंडून तेच आलं! माझ्या दंडावरचा तो जुना चिमटा पुन्हा पेटला. आता कुणाचा हात माझ्यापर्यंत पोचणार नव्हता. मी मोठ्यानं म्हटलं, "हिनं केली. माझ्या या आत्यानं. सगळी."

सून बादली खाली ठेवून आत्याकडे बघत राहिली— तिच्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे, शिवणीवर टेकलेल्या बोटाकडे. मग आत्यानं पदर कमरेला खोचला आणि शेडमधल्या तिच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाली,

"एक डाग सोडून."