ज्यानं घेतली, त्यानंच परत द्यायची

माझी मामी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे आणि मामा त्याच भागातला लाइनमन. खांबावर चढण्याआधी मामा फोन करून तिच्याकडे लाइन मागतो, म्हणजे कामासाठी वीज बंद करून मागतो. मामी ब्रेकर बंद करते, त्याच्या मुठीला 'माणसं कामावर आहेत' अशी लाल पाटी अडकवते आणि सांगते, "लाइन दिली." काम आटोपलं की तारांना सुरक्षेसाठी जोडलेलं अर्थिंग काढून मामा सांगतो, "माणसं खाली, अर्थिंग काढलं, लाइन परत." मगच पाटी निघते. घरी दोघं भाजीतल्या मिठावरून भांडतात, पण या वाक्यांतला शब्द कधी इकडचा तिकडे होत नाही.

ज्यानं लाइन घेतली, त्यानंच ती परत द्यायची. नियम सगळ्यांसाठी आहे, पण तो धरून बसते ती मामी.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काम संपलं तेव्हा मामाचा फोन बंद पडला होता. मामीला फोन आला तो त्याच्या जोडीदाराचा. त्याला सगळे भोंग्या म्हणतात, कारण त्याला बोलायला खरं तर फोनची गरजच नाही.

"वहिनी, सगळे खाली. करा चालू."

"त्यांना फोन द्या."

"दादा पुढे गेलाय. अहो, मी सांगतोय ना."

"लाइन तुम्ही घेतली होती?"

"मी काय परका आहे?"

"परके नाही. पण लाइन तुम्ही घेतली नव्हती."

भोंग्याला राग आला. फोन खिशात टाकून तो सरळ घरी गेला. मामा मात्र निर्धास्त होता. भोंग्यानं निरोप दिला असणार म्हणून तो टपरीवर चहा घेत बसला.

इकडे उपकेंद्राच्या फाटकाशी माणसं जमली. बर्फाच्या कारखान्याचा मालक सगळ्यात पुढे. "बाई, माझ्या बर्फाचं पाणी झालं."

"मग आज पाणी विका," मामी खिडकीतून म्हणाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "माझ्या जबाबदारीवर चालू करा."

"जबाबदारी तुमची असेल साहेब, शॉक दुसऱ्याला बसेल."

"बदलीची तयारी ठेवा."

"ठेवते."

टपरीवरचा पंखा काही केल्या फिरेना, तेव्हा मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. गर्दीतून वाट काढत तो आत आला.

"अगं, काय चाललंय हे?"

"लाइन परत द्या."

"मी तुझ्यासमोर उभा आहे की."

"उभे आहात ते दिसतंय. बोला."

खिडकीबाहेर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मामाचे कान लाल झाले. तरी तो नीट उभा राहिला आणि म्हणाला, "माणसं खाली, अर्थिंग काढलं, लाइन परत." मामीनं पाटी काढली आणि ब्रेकर चालू केला. रस्त्यापलीकडे कारखान्याची घरघर सुरू झाली.

खांबावर कोणीच नव्हतं, हे साहेबांनी तिला पुन्हा पुन्हा ऐकवलं. माफी मागितली तर बदली थांबवतो, असंही सांगितलं. नवं उपकेंद्र दोन बस बदलून जायच्या अंतरावर होतं. मामानं विनवलं, "एकदा 'चुकलं' म्हणून टाक. शब्दच तर आहे."

"'लाइन परत' हेही शब्दच आहेत," मामी म्हणाली आणि दुसऱ्या दिवसाचा डबा भरू लागली.

मी विद्युत अभियांत्रिकी शिकते, म्हणून एकदा न राहवून तिला विचारलं, "पण खरंच वर कोणी नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग?"

"मग काय? मला कुठे ते माहीत होतं?"

ती आता रोज दोन बस बदलते. तिच्या जागी आलेला ऑपरेटर कोणाच्याही फोनवर लाइन चालू करतो, असं मामा सांगतो. म्हणून मामा हल्ली स्वतःचे दोन फोन बाळगतो आणि खांबावर चढण्याआधी भोंग्याचा फोन काढून घेऊन आपल्याच खिशात टाकतो. भोंग्या खाली उभा राहून ओरडतो, "दादा, तूपण वहिनीच झालास." वर मामाचे दोन्ही हात कामात असतात.