आमच्या वाट्याचा फोन

समुद्र मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्याविषयी लिहायला बसल्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हे धाडस. आज साताऱ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर कपड्यांची दोरी बांधताना हात आपोआप एका गाठीकडे वळले आणि चुलते आठवले.

मेढ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी. चुलते मात्र मालवाहू जहाजावर खलाशी. सुट्टीवर आले की गोठ्यातल्या बैलांची दावीसुद्धा ते जहाजाच्या गाठीनं बांधतात : कितीही ओढ बसली तरी न काचणारी, सोडताना अलगद सुटणारी. डोंगरात वाढलेल्या माणसाला समुद्राची ओढ कुठून लागते, हे मला अजून उमगलेलं नाही. आमचे पूर्वज आरमारात होते, गोरे त्यांना चाचे म्हणत, हे सांगताना चुलत्यांचा चेहरा उजळतो. शेजारचे निवृत्त सुभेदार गेल्या सुट्टीत डिवचत होते, "डोंगरातला गडी पाण्यात काय करतो रं?" चुलते हसले. "आवं, आमचा खापरपणजाच चाचा. आमाला कोण धरतंय?"

दोनच महिन्यांत त्यांचं जहाज खरोखरच चाच्यांनी धरलं. पुढे कंपनीनं कळवलं, की चाचे प्रत्येकाला घरी एक फोन करू देणार आहेत. गावात रेंज फक्त देवळाच्या टेकडीवर. चुलती रोज भाकऱ्या आटोपून तिथे जाऊन बसू लागली; रविवारी मी सोबतीला. इतर खलाशांच्या घरी फोन आले, आमच्याकडे नाही. गावातली माणसं वाटेत भेटली की उसाचं, पावसाचं बोलायची, जहाजाचं कुणीच नाही. "हायेत म्हणल्यावर करतीलच की," चुलती म्हणायची, आणि माझ्याकडे बघायचं टाळायची.

परवाच्या रविवारी फोन वाजला. रत्नागिरीकडची एक अनोळखी बाई होती. चुलतीनं फोन माझ्या हातात दिला, मी स्पीकर लावला. बाईचा नवरा त्याच जहाजावर स्वयंपाकी. ती दवाखान्यात बाळंतपणात अडलेली असताना त्याचा फोन मध्येच तुटला होता.

"तुमच्या काकांनी आपली पाळी ह्यांना दिली हो. मुलगी झाल्याचं ह्यांना त्याच फोनवर कळलं. तुमचा नंबर मिळवायलाच मला इतके दिवस लागले. काकांनी ह्यांच्याकडून निरोप दिलाय, 'मी बरा हाय, आमची मंडळी लय धीराची हाय, ती थांबंल.'"