पांढरी चार

जऊळक्यात आमची गाण्याची पार्टी होती. बहात्तरच्या दुष्काळात ती मोडली आणि नंतर पुन्हा उभी राहिली, तेव्हा मी मॅट्रिक होऊन नोकरीसाठी अर्ज खरडत होतो आणि पार्टीत पेटी वाजवत होतो. गायचा तो माझा मित्र. तो मजुरीला जायचा. शाळा तिसरीतच सुटलेली, त्यामुळे अक्षर लावता लावता गाणं त्याच्या पुढे निघून जायचं. म्हणून दर कडव्याआधी मी वाकून त्याच्या कानात ओळ सांगायचो. आम्ही लहानपणापासून एका ताटात जेवलेले. गायकाला वाचता येत नाही, हे गावाबाहेर कोणाला कधी कळलं नाही.

मग ती आली. स्टेशनाजवळच्या क्वार्टरात राहणाऱ्या गँगमनची ती मेहुणी. मॅट्रिक झालेली, मास्तरणीच्या ऑर्डरची वाट पाहत बहिणीकडे थांबलेली. बहिणीबरोबर ती विहारात आमच्या तालमीला यायची. तिचं अक्षर चांगलं, म्हणून तिने सगळी गाणी एका वहीत उतरवून दिली. दोन दिवसांत तिला मित्राची अडचण कळली आणि ती त्याच्या मागे बसून हळूच ओळी सांगू लागली. आता पेटीवाला मोकळा झाला, असं सगळे म्हणाले. मी मोकळा झालोच होतो, पण ते मला नको होतं.

मला ती आवडली होती, सरळच लिहितो. गाडीची वेळ विचारायच्या निमित्ताने मी भर उन्हात स्टेशनावर जायचो. ती वेळ आमच्या गावातल्या म्हशींनाही पाठ होती. ती आम्हा दोघांनाही 'भाऊ' म्हणायची. त्याला म्हटलेल्या 'भाऊ'मध्ये मला काहीतरी जास्तीचं ऐकू यायचं. पेटीवाल्याचा कान म्हणायचा! मला तिचा राग येत नव्हता, त्याचाच येत होता. त्याच्या कानाशी ती बसते याचा, आणि तिथे आता मी बसत नाही याचाही.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक आटोपली आणि उन्हं कलताना कार्यक्रम सुरू झाला. भोंगे बांधलेले, आसपासच्या गावांतून बंड्या भरून माणसं आलेली. मित्राने उसना पांढरा सदरा घातला होता. ती वही घेऊन मागे बसली. त्याने मान वळवून पहिली ओळ ऐकली. तिने आणखी काही म्हटलं आणि तो हसला. तेवढंच झालं.

त्याचा गळा काळी एकचा. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरून सूर दिला की तो मोकळा गायचा. सूर द्यायचा पेटीवाल्याने आणि गाणाऱ्याने तो धरायचा, अशी आमच्यातली रीत. मी बोट उचललं आणि पांढरी चारवर ठेवलं. चार सूर वर. चुकून झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. चुकून झालं नव्हतं.

धृपद त्याने कसंबसं ओढून नेलं. कडवं वर चढलं आणि आवाज फाटला. लोक हसले. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मी भाता मारत राहिलो. दुसऱ्यांदाही आवाज फाटला, तेव्हा बायांमधूनही हसू आलं. मग मागून तिनेच ती ओळ उचलली. बाईच्या गळ्याला ती पट्टी सोपी होती. तिने गाणं शेवटपर्यंत नेलं, टाळ्या पडल्या. मित्र झांज हातात घेऊन बाजूला उभा राहिला.

पार्टीचे म्होरके भडकले. "काहून रे, पट्टी कोनं चढोली?"

"मीच सांगतलं होतं त्याले," मित्र म्हणाला. "मले वाटलं जमते."

मी पेटी मिटायला लागलो.

घरी जाताना रुळाच्या कडेने आम्ही दोघंच होतो. त्याने विचारलं, "काहून केलं?"

"ते तुयाच मांगं बसते," मी म्हणालो. "तुयासंगंच बोलते."

तो थांबला. "अबे, तिनं सांगतलेली ओळ ध्यानात ठेवता ठेवता माया जीव जाये. तिच्याकडं पाहाले फुरसत कोनाले होती?" थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "मले सांगतलं असतं तं तिच्या बहिनीकडं तुयासाठी मीच शब्द टाकला असता. मायं गानं कायले मोडलं?"

मला लाज वाटली, पण माफी मागावी एवढी वाटली नाही. ती पुढे वाटली, तेव्हा उशीर झाला होता.

तिची ऑर्डर आली. ती आसेगावला गेली. जाताना दोघांनाही 'येते भाऊ' म्हणाली आणि दोन्ही 'भाऊ' अगदी सारखे होते. मित्राने पार्टी सोडली. गळा गेला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. पार्टीने दुसरा गायक आणला आणि मी पेटी वाजवत राहिलो.

त्याचा गळा गेला नव्हता. निंदणाच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून जाताना त्याचं गाणं लांबून ऐकू यायचं. मी पऱ्हाटीच्या आड उभा राहून ऐकायचो. मी दिसलो की तो गाणं तिथेच तोडायचा आणि हाक मारायचा, "ये, बस. पानी पे." तांब्या हातात द्यायचा, घरच्यांची विचारपूस करायचा, हसायचासुद्धा. मी उठून पार दूर जाईपर्यंत तो पुन्हा गायचा नाही.