राक्षसाला जेवायला कोण हाक मारतं?

कम्युनिटीतल्या लिहित्या मंडळींनो, माझी पहिली बालकादंबरी छापून आली! आज सकाळी पुण्याहून पाच प्रती चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या माझ्या खोलीवर पोचल्या. दाखवणार कुणाला? शेजारी कुणालाच मराठी येत नाही.

एक प्रत घेऊन तांबरमला माधवरावांकडे गेलो. ते माझ्या ऑफिसातले, तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ. म्हणून त्यांच्या नऊ वर्षांच्या कावेरीला मीच वाचून दाखवू लागलो. बेटावर एकटा राहणारा राक्षस जहाजं बुडवतो, अशी सुरुवात आहे.

तिने मध्येच विचारलं, "अंकल, त्याला जेवायला कोण हाक मारतं?"

राक्षसाचे दात, गुहा, गदा, सगळं मी दोन वर्षं खपून रचलंय. हे सुचलंच नव्हतं. म्हटलं, "कोणी नाही."

"मग तो जहाजं बुडवत नसेल. जेवायला या म्हणून थांबवत असेल."

पुढे वाचवेना. शेवटच्या प्रकरणात मी त्याला मारून टाकलंय.

माधवराव तीनदा म्हणाले, "जेवूनच जा." काम आहे सांगून निघालो आणि मेसमध्ये एकटाच जेवलो.

काम काहीच नव्हतं. मला तर हाक आली होती. मग मी का थांबलो नाही, सांगेल कुणी?