शेफालीचा ओभिमान

पूर ओसरून नऊ दिवस झाले होते. सांगलीतल्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर फुगलेल्या वह्यांचा ढीग तसाच पडला होता. बाबा लोखंडी रॅक फिनाइलने धूत होते, दादा खोऱ्याने चिखल ओढत होता आणि मी रस्त्यावर रिक्षापाशी बॅग घेऊन उभी होते. पायात नवे बूट होते, म्हणून आत गेले नाही. नवऱ्याची बदली आधीच कोलकात्याला झाली होती आणि मलाही तिथे नोकरी मिळाली होती. काम काय, तर बदलत्या हवामानात छोटे धंदे कसे तगवायचे हे धंदेवाल्यांना शिकवणं. बाबा मान वर न करता म्हणाले, "जा, तिकडच्यांना शिकव. हितला चिखल आम्ही काढतो."

ही थट्टा आहे असं मी ठरवलं आणि रिक्षात बसले.

माझ्यासारखे जे गाव सोडून आलेत त्यांना ठाऊक आहे, नव्या शहरात आधी तोंडची भाषा बदलते. माझी मुलगी "मला खिदे पेलीय" म्हणते आणि तिला भूक लागलीय हे मलाही आता त्याच शब्दांत कळतं. माझी स्वतःची युक्ती सोपी होती. मराठी शब्द घ्यायचा, 'अ'चा 'ओ' करायचा, झालं बंगाली. निम्म्या वेळा काम भागायचं. उरलेल्या निम्म्या वेळा लोक सभ्यपणे गप्प बसायचे.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे कोलकात्याजवळच्या बजबज या नदीकाठच्या गावाचं काम आलं. तिथे शेफाली नावाची बाई तळमजल्यावरच्या एका खोलीत आणखी सात जणींबरोबर तागाच्या पिशव्या शिवायची. पौर्णिमा-अमावास्येला नदीला उधाण येतं, त्याला तिकडे कोटाल म्हणतात. त्यात पाऊस असला की गटारं उलटी वाहतात. पूर्वी पाणी उंबऱ्याशी थांबायचं, आता खोलीत शिरत होतं. भिजलेल्या तागाला दोन दिवसांत बुरशी धरते. मी उपाय सांगितला, पोटमाळा बांधा आणि सगळं कापड वर ठेवा. उपाय बरोबर होता. अडचण घरमालकाची होती. नुसतं भाडेकरू बाईने सांगून तो भिंतीत लोखंडी तुळया घालू देईना.

"तुम्ही एकदा बोला, दीदी," शेफाली म्हणाली. "माझं ऐकत नाही. चष्मा लावलेल्या बाईचं ऐकेल."

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, गुरुवारी येते. कोटालच्या आधी बोलून टाकू.

गुरुवारी मी गेले नाही. त्या दिवशी एका हॉटेलात आमच्या कामाचं सादरीकरण ठरलं आणि मला बोलायला सांगितलं. मी आनंदाने गेले. पडद्यावर शेफालीचा फोटो होता, खाली लिहिलं होतं 'यशोगाथा'. पोटमाळा मी भविष्यकाळात सांगितला नाही, वर्तमानकाळात सांगितला. टाळ्या झाल्या. जेवण चांगलं होतं. शेफालीला फोन करायचं राहून गेलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. फोन केला असता तर न येण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

शनिवारी कोटालचं पाणी आलं. तागाचे सगळे गठ्ठे भिजले, दुर्गापूजेच्या आधीची मोठी ऑर्डर गेली.

मी सोमवारी पोचले. भिंतीवर पाण्याची रेघ होती, मशीनच्या मोटारी अंगणात वाळत होत्या. शेफालीने मला स्टूल दिलं, चहा दिला. मी कोरड्या आवाजात सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "राग कोरिनि, दीदी. ओभिमान होयेछिलो."

मी माझी युक्ती लावली. राग केला नाही. अभिमान वाटला. एवढं होऊनही माझा अभिमान. माझा ऊर भरून आला आणि मी म्हणाले, "धन्यवाद. मलाही तुझा खूप अभिमान आहे."

एक जण हसू दाबत आत गेली. शेफाली माझा कप उचलून धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे मौशुमीला सांगितलं, जरा फुशारकीनेच. मौशुमी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, ओभिमान म्हणजे प्राउड नव्हे. आपल्या माणसाने दुखावलं की जे वाटतं ते. परक्या माणसावर होतच नाही तो."

आपल्याकडे रुसवा आहे, पण तो पोरांचा नाहीतर नव्या नवरीचा. पन्नाशीच्या बाईने दुसऱ्या बाईवर धरायचा शब्द आपल्याकडे मला सापडला नाही. तिने मला आपलं म्हटलं होतं आणि मी तिचे आभार मानले होते.

तशीच बजबज लोकल पकडली आणि घरमालकाला गाठलं. दहा मिनिटांत तो तयार झाला. एवढंच काम होतं. पोटमाळा झाला, पुढच्या कोटालला कापड कोरडं राहिलं. शेफाली म्हणाली, "थँक यू, मॅडम." त्यानंतर आजवर ती मला मॅडमच म्हणते. वागायला चांगली आहे. चहा देते. ओभिमान मात्र परत कधी झाला नाही.

आणि त्यामुळे मला सांगलीचं कळायला लागलं. पहिली दोन वर्षं दादा फोनवर भांडायचा. "सगळ्या बंगालचे गाळे उंच करतीस, आमच्या रॅकची उंची तरी विचार." मी चिडायचे. हळूहळू तो भांडायचा थांबला. बाबा गेले तेव्हाही, "तुला यायला उशीर झाला तरी चालेल, कामात असशील," म्हणाला. नदीचं पाणी वाढलं की मी विचारते, तो म्हणतो, "सगळं ठीक आहे, तू काळजी नको करूस." दादाला समज आली असं मी लोकांना सांगत होते. तो मला मॅडम म्हणायला लागला होता.

आता घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. माझ्यावर रुसायचा हक्क ज्यांनी अजून सोडलेला नाही त्यांचं ते घर, आणि अशी माणसं मी दोन्ही गावांत कमी केली.

या पावसाळ्याआधी सांगलीला जाते आहे, वह्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवायला. दादाला कळवलेलं नाही. कळवलं तर म्हणेल, कशाला त्रास घेतेस. न सांगता दुकानात उभी राहिले तर कदाचित ओरडेल.